सातशे एकोणचाळीसची पाळी

आरती मॅडमचा फोन आला तेव्हा रामनाथ गुरुजी राजुरीच्या घराच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. निवृत्त झाल्यापासून सुनेच्या स्वयंपाकातलं तेवढं एक काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं.

"गुरुजी, निकालाच्या दिवशी वाडीला या," मॅडम म्हणाल्या. "दरवर्षी बोलावते, तुम्ही पुढच्या वर्षी म्हणता. या वेळी याच. येत्या जूनपासून शाळा नाही. उरलेली मुलं घेऊन मला खालच्या गावातल्या शाळेत जायचंय."

गुरुजींच्या हातातली पाकळी हातातच राहिली. डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला जांभळवाडी म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या चार वर्गांच्या एका खोलीत त्यांची बहुतेक नोकरी गेली होती. बदलीची वेळ आली की वाडीतली माणसं घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसायची आणि बदली रद्द करून आणायची.

"चौथीत किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"तीन. समर्थ, महेक आणि ऋषी."

"आणि मागच्या वर्षी कुठवर आलो होतो?"

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न कळला नसता. मॅडमना लगेच कळला. "सातशे नऊ."

फोन ठेवून गुरुजींनी डोळे मिटले. सातशे एकोणीस, सातशे सत्तावीस, सातशे तेहेतीस. तिघांचे तीन झाले. त्याच्या पुढचा सातशे एकोणचाळीस. तोच नेमका राहणार.

"मामंजी, काय झालं?" सुनेनं आतून विचारलं.

"काही नाही गं. एकानं राहिलं."

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा गुरुजींच्या ओठावर नुकती मिशी आली होती आणि धरणाची भिंत अजून अर्धवट होती. एकदा मूळ संख्या शिकवताना, म्हणजे स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानंच भाग न जाणाऱ्या संख्या शिकवताना, मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "गुरुजी, लई मोठा आकडा असला तर त्याला भाग जातोय का न्हाई, हे कसं कळायचं?"

"भागून बघायचं," गुरुजी म्हणाले.

"सगळ्यांनी?"

"सगळ्या मूळ संख्यांनी. लहानापासून सुरू करायचं आणि एकही सोडायचा नाही."

"मरस्तोवर भागत बसावं लागंल."

वर्ग हसला. गुरुजींना मात्र ते बोलणं लागून राहिलं. एकट्यानं भागत बसलं तर कंटाळा येणारच. पण एकेकानं एकेक भागाकार केला तर? पुढच्या रविवारी ते घोड नदीच्या काठी पाटी घेऊन बसले आणि त्यांनी एक आकडा तयार केला. सोमवारी फळ्याच्या वर, पांढऱ्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटनं तो रंगवला. ५८५२१४१. अठ्ठावन्न लाख बावन्न हजार एकशे एक्केचाळीस.

दोनपासून तेरापर्यंतच्या मूळ संख्यांनी सगळ्या वर्गानं मिळून भागून पाहिलं. भाग गेला नाही. मग रीत पडली. चौथी पास होऊन शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला निकालाच्या दिवशी पुढची एक मूळ संख्या मिळायची. ती फक्त त्याची. सगळ्या वाडीसमोर फळ्यावर त्यानं तिनं भिंतीवरच्या आकड्याला भागायचं आणि बाकी किती राहिली ते मोठ्यानं सांगायचं. पहिली पाळी मोहिनी नावाच्या मुलीची आली. सतरा, बाकी दहा. मोहिनीला आता नातवंडं आहेत, पण रस्त्यात गुरुजी भेटले की ती आधी "सतरा, बाकी दहा" म्हणते आणि मग पाया पडते.

पोरं आपला आकडा विसरत नसत. बाजारात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर कुणी पांढऱ्या केसाचा माणूस समोर यायचा आणि विचारायचा, "वळखलं का गुरुजी? दोनशे एकोणसत्तर, बाकी सेहेचाळीस." आणि गुरुजी नाव सांगायचे.

कुणाच्याच हातून भाग जात नव्हता. वर्षांमागून वर्षं बाकी उरत गेली, तशी वाडीची खात्रीच झाली की आपल्या शाळेच्या आकड्याला कशानंच भाग जात नाही. एखादा माणूस फारच अडेल निघाला तर वाडीत म्हणायचे, "ह्यो शाळेचा आकडाय, सोड त्याला." गुरुजींनंतर जे शिक्षक आले त्यांना ही रीत कुणी सांगितली नव्हती. आयांनीच ती चालू ठेवायला लावली. "आमच्या पोराचा आकडा द्या, मग दाखला द्या," असं त्या बजावायच्या.

एक गोष्ट मात्र वाडीला ठाऊक नव्हती. तो आकडा गुरुजींनी गुणाकार करून काढला होता. सातशे एकोणचाळीस गुणिले सात हजार नऊशे एकोणीस. तेव्हा वर्षाला सहा-सात पोरं चौथी पास होत. त्या हिशोबानं वीसेक वर्षांत सातशे एकोणचाळीसची पाळी येणार होती. एक दिवस कुठलंतरी पोर फळ्यापाशी उभं राहून भागेल आणि खाली काहीच उरणार नाही. त्या पोराचा तेव्हाचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी गुरुजींनी हे गुपित बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पण धरणात पाणी अडलं. खालची वाडी पाण्याखाली गेली. अर्धी घरं कुणी भावकीकडे, कुणी पूर्वेला लोणीच्या बाजूला अशी पांगली. पट उतरत उतरत वर्षाला एखाददुसऱ्या पोरावर आला. कधी चौथीत कुणीच नसायचं आणि ते वर्ष तसंच कोरडं जायचं. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा सातशे एकोणचाळीस अजून दूर होता. राजुरीला बसून ते दर मे महिन्यात फोनवर विचारायचे, "कुठवर आलो?"

निकालाच्या दिवशी गुरुजी पहाटेच्या गाडीनं निघाले. आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत घोडेगावला उतरले. पुढच्या गाडीचा काही भरवसा नव्हता. पण स्टँडवर दानियाल मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याच्या वडिलांचं, अजीजचं, घोडेगावच्या पेठेत पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. दोघे बापलेक वाडीच्याच शाळेत शिकलेले.

"सहाशे एकोणीस, बाकी एकशे पंधरा," दानियाल हसत म्हणाला. "बसा गुरुजी. अब्बा पुढं गेलेत, माईक लावायला."

"एका खोलीला माईक?"

"तेच मी म्हणालो. ऐकतात का?"

डिंभ्याच्या पुढे चढावर गुरुजींनी गाडी थांबवायला सांगितली. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या वाडीची जोती वर येतात. चिखलाच्या भेगाळलेल्या पट्ट्यावर दगडांचे चौकोन दिसत होते. हे पाटलाचं घर, ही चावडी, ही विहीर. त्या दगडांतून पोरं दप्तर उडवत चढावर यायची. वरून गुरुजी घंटेचा दोर हातात धरून बघायचे आणि शेवटचं पोर चढ चढेपर्यंत घंटा द्यायचे नाहीत.

"गुरुजी, एक बोलू?" दानियालनं हळूच विचारलं. "मी बघितलंय."

"काय?"

"आकडा. कॉलेजात असताना फोनमध्ये टाकला. आपल्या वाडीत तसं कुणी करत नाही, पण मला राहवलं नाही. सातशे एकोणचाळीस."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो आकडा दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"कुणाला बोललास?"

"अब्बांनाही नाही. त्यांचं काय होईल ठाऊक आहे ना? एकशे एकनं भागलं आणि बाकी शंभर. एकानं हुकलं म्हणून ते अजून सांगत असतात."

गुरुजी हसले.

"मी काय म्हणतो," दानियाल म्हणाला, "आज तीन मुलं आहेत. ऋषीला सातशे तेहेतीसच्या जागी सातशे एकोणचाळीस देऊन टाकू. कोण बघतंय?"

हा विचार गुरुजींच्या मनात आला नव्हता असं नाही. नारायणगावपासून मंचरपर्यंत त्यांनी दुसरा कसलाच विचार केला नव्हता.

"मग सातशे तेहेतीस कोण करणार?"

"मी करतो. फोनवर."

"तसं नाही रे," गुरुजी म्हणाले. "एक सोडला की माळ तुटली. आणि मी हातात आणून दिलं तर त्या पोराला सापडलं कुठं? मी बोट दाखवलं आणि त्यानं बघितलं, एवढंच होईल." थोडं थांबून ते म्हणाले, "राहिलं तर राहिलं. तूही बोलू नकोस."

"नाही बोलत."

दानियालनं गाडी चालू केली आणि गुरुजी मागे बसले.

शाळेची खोली भरून माणसं ओट्यावर आणि ओट्याखाली आली होती. लोणीकडून एक टेम्पो भरून आला होता. अजीजचा माईक खरखर करत होता. भिंतीला मध्ये कधीतरी पिवळा रंग दिला होता, पण आकड्याभोवतीचा चौकोन कुणी रंगवला नव्हता. निळ्या पेंटचे पोपडे निघाले होते, तरी सातही अंक वाचता येत होते. मागच्या पडवीत साळुबाई पुऱ्या तळत होती. पोरांचा दुपारचा भात-आमटीचा स्वयंपाक रोज तीच करायची. आज पुरी-भाजीचा बेत होता.

तिघांनी आपापले भागाकार केले. गुरुजींची पद्धत अजून तशीच होती. आधी फळ्याच्या कडेला भाजकाचा पाढा मांडायचा, एकेकदा मिळवत नऊपर्यंत, मग भागायला घ्यायचं. पाढा समोर असला की भागाकारात वजाबाकीशिवाय काही उरत नाही. समर्थ धांदरट, त्याला दोनदा पुसावं लागलं. सातशे एकोणीस, बाकी दोनशे. महेकनं एकदाही मागं वळून न बघता केलं. सातशे सत्तावीस, बाकी पाचशे अठरा. ऋषीचा आवाज माईकमधूनही कुणाला ऐकू आला नाही, म्हणून बाकी महेकनंच ओरडून सांगितली. सातशे तेहेतीस, बाकी सहाशे दोन.

टाळ्या झाल्या. मग हजेरी सुरू झाली. हीसुद्धा जुनी रीत. जे आले असतील त्यांनी ओळीनं उठून आपला आकडा सांगायचा. मोहिनी उठली, "सतरा, बाकी दहा." कुणी एकोणीस, कुणी एकोणतीस. मधले गेलेले, नाहीतर न आलेले. अजीज उठला आणि माईक तोंडाशी धरून म्हणाला, "एकशे एक, बाकी शंभर. एकानं गेला राव."

"बस खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "दरसाल तेच."

आवाज म्हातारे होते ते हळूहळू तरुण होत गेले. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक आकड्याबरोबर त्यांना एक लहान तोंड दिसत होतं, शेंबडं नाहीतर दात पडलेलं. शेवटी ऋषी म्हणाला, "सातशे तेहेतीस, बाकी सहाशे दोन." तिथंच संपलं होतं.

साळुबाई पुऱ्यांचं टोपलं घेऊन दारात उभी होती. हजेरी ऐकायला ती दरवर्षी अशीच यायची.

"साळूमावशी, तुमचा कुठला?" महेकनं विचारलं.

"माझा कशाचा, बाई?"

"तुम्ही ह्याच शाळेत होता ना?"

"व्हते की. पण तिसरीत. पाणी आलं त्या साली आमी लोणीला चुलत्याकडं गेलो. तिथं शाळा लांब व्हती. मग राहिलंच." साळुबाईनं टोपलं या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. "लगीन व्हऊन परत हितंच आले. आकडा मिळाया चौथी लागती."

"चौथीचं सगळं पुस्तक तर तुम्ही खिडकीतून पाठ केलंय," आरती मॅडम म्हणाल्या. "आज घ्या. शाळा बंद होतेय, आता कुणाची वाट बघायची? गुरुजी, चालेल ना?"

सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींनी फक्त मान हलवली. दानियालनं मांडीखाली दोन्ही हात दाबून धरले होते.

"मला भागाकार येत न्हाई," साळुबाई म्हणाली. "बेरीज येती, वजाबाकी येती. तिथवर गुरुजींनी शिकिवलं व्हतं."

"तेवढंच लागतं," महेक म्हणाली. "मी शिकवते. टोपलं ठेवा. आधी पाढा."

साळुबाईनं पदराला हात पुसले, खडू घेतला. बोटांना पीठ लागलेलं, ते खडूलाही लागलं. महेकनं सांगितलं तसं तिनं ७३९ लिहिलं, खाली पुन्हा ७३९ मिळवलं. १४७८. २२१७. प्रत्येक बेरीज ती बोटांच्या पेरांवर मोजत होती. लोकांनी आधी थट्टा केली.

"अगं, पुऱ्या गार व्हत्यात."

"गार खा. यवढ्या सालानं आलीये मी."

नऊपट होईपर्यंत सगळे गप्प झाले. ६६५१.

"आता ह्या पाच हजार आठशे बावन्नात किती वेळा बसतोय बघा," महेक म्हणाली. "पाढ्यात बघा."

"आठ येळा पाच हजार नऊशे बारा. ते जास्त व्हतंय." साळुबाई पाढ्यावरून बोट वर नेत म्हणाली, "सात येळा."

"शाब्बास. सात लिहा. आता वजा."

सहाशे एकोणऐंशी उरले. वरचा एक खाली आला. सहा हजार सातशे एक्याण्णव. त्यात नऊ वेळा बसला. तिनं खाली ६६५१ लिहिलं, वजा केलं. एकशे चाळीस. चार खाली आला, एकदा बसला. सहाशे पासष्ट. शेवटचा एक खाली आला.

६६५१.

साळुबाई थांबली. तिनं पाढ्याच्या तळाशी बघितलं. मग थोड्या वेळापूर्वी स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे बघितलं. तोच आकडा तिथंही होता. तिनं खाली तो तिसऱ्यांदा लिहिला, रेघ ओढली आणि वजा केलं. मग खडू खाली घेतला.

"चुकलं वाटतं," ती म्हणाली.

"चुकलंच," अजीज म्हणाला. "शाळेच्या आकड्याला भाग जात न्हाई. पुन्यांदा कर, घाई न्हाई."

तिनं डस्टरनं भागाकार पुसला आणि पुन्हा केला. पुन्हा तेच. आता चुळबुळ झाली. पाढाच चुकला असंल, असं एक म्हणाला. अजीज स्वतः पुढे झाला, पाढ्याची प्रत्येक ओळ बोटानं तपासून "पाढा बरोबर हाय" म्हणत परत जागेवर आला. आरती मॅडम गुरुजींकडे बघत होत्या. गुरुजी कौलांकडे बघत होते. एक शब्द तोंडातून सुटला असता तर इतक्या वर्षांचं काम त्यांच्याच हातून वाया गेलं असतं.

साळुबाईचा चेहरा उतरला होता. "मॅडम, कायबी लिवा," ती हळूच म्हणाली. "दोन लिवा बाकी. समद्यांना काहीतरी राहिलंय, मलाच कसं राहणार न्हाई? माझंच कुठंतरी चुकतंय. चौथीचं काम ते." तिनं डस्टर पुन्हा उचलला.

गुरुजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पुसू नका," महेक म्हणाली. "पडताळा घेतलाच नाही."

"आता ते काय?"

"भाजकानं भागाकाराला गुणायचं. बाकी मिळवायची. भिंतीवरचा आकडा आला तर बरोबर, नाही आला तर चूक. गुरुजींचा नियम आहे तो. पडताळ्याशिवाय कुणाचंच धरत नाहीत."

तो नियम गुरुजींनीच घातलेला होता. महेकच्या जन्माच्या कितीतरी आधी.

साळुबाईला एवढा मोठा गुणाकार येत नव्हता. मग दोघींनी मिळून केला. महेक सांगायची, ती लिहायची. सात हजार नऊशे एकोणीसला नवानं गुणलं, ७१२७१. तिसानं, २३७५७०. सातशेनं, ५५४३३००. रेघ ओढून साळुबाई उजवीकडून बेरीज करायला लागली.

"एक," ती म्हणाली आणि लिहिलं.

कुणीतरी वर भिंतीकडे बघितलं. शेवटचा अंक एक होता.

"सात नि सात चौदा. चार, हातचा एक."

भिंतीवर चार होता. आता सगळेच फळा आणि भिंत, भिंत आणि फळा असं बघायला लागले. पुढचा एक आला. मग दोन आला तेव्हा समर्थ पुटपुटला, "जुळतंय." पाच. आठ. शेवटचा पाच लिहिताना साळुबाईचा खडू मोडला, तर तिनं उरलेल्या तुकड्यानं तो पुरा केला.

५८५२१४१.

"बाकी मिळवायची ना?" तिनं महेकला विचारलं.

"शून्य मिळवून काय होणार, मावशी?"

साळुबाईनं वळून खोलीभर बघितलं आणि मग गुरुजींकडे. त्यांनी ज्याची वाट बघितली होती तो चेहरा लहान पोराचा नव्हता. उन्हानं रापलेला होता, कपाळावर तेलाचा थेंब होता आणि डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या होत्या. पण डोळे तिसरीतल्या पोरीचेच होते.

"गुरुजी, भाग गेला," ती म्हणाली.

"गेला, साळू," गुरुजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं?" अजीज उठून उभा राहिला. माईक हातातच राहिल्यानं ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं. "यवढी वर्षं आमी छाती फुगवून सांगतोय, आमच्या आकड्याला भाग जात न्हाई. आन तुमी गप?"

"भाग जात नाही असं मी कधी म्हणालो रे? भागून बघा म्हणालो. भाग जात नाही, हे तुम्हीच ठरवून टाकलंत."

मोहिनी पदराआड हसली, मग आणखी दोघे-तिघे हसले.

"मग आमचं भागलेलं फुकट गेलं?" मोहिनीनं विचारलं. तिच्या आवाजात खोटी कुरकुर होती, पण थोडी खरीही होती.

गुरुजी काठी टेकत फळ्यापाशी आले. पण उत्तर त्यांनी दिलं नाही. भागाकाराच्या डोक्यावरच्या ७९१९ वर त्यांनी बोट ठेवलं आणि तिन्ही पोरांना विचारलं, "ह्याला कशानं भाग जाईल का?"

"बघावं लागेल," समर्थ म्हणाला. "सतरानं, एकोणीसनं..."

"मग बघा. कोण करतंय सतरानं?"

ऋषी, ज्याचा आवाज माईकमधूनही येत नव्हता, तो म्हणाला, "नाही बघावं लागणार."

"का रे?"

"ह्याला सतरानं भाग गेला असता तर वरच्या आकड्यालापण गेला असता. वरचा आकडा म्हणजे हाच, सातशे एकोणचाळीस वेळा. पण वरच्याला सतरानं जात नाही. मोहिनीआजीनं बघितलंय."

गुरुजी त्याच्याकडे वळले.

"आणि एकोणीसनं?"

"तेपण बघितलंय. पुढचं सगळं बघितलंय. सगळ्यांनी."

"म्हंजी हा सात हजार नऊशे एकोणीस मूळ संख्याय, हे आमी आधीच करून ठिवलं व्हतं?" अजीजनं विचारलं.

"केव्हाच. उलट तुझ्या एकशे एकची त्याला गरजही पडली नाही. नव्वद गुणिले नव्वद त्याच्या वर जातं, म्हणून नव्वदाच्या आतच भागलं." अजीजचं तोंड बघून गुरुजी लगेच म्हणाले, "पण सातशे एकोणचाळीसच्या आधी दुसरा कुणी नाही, हे तुझ्याशिवाय कसं कळलं असतं? तू आणि तुझ्या मागचे-पुढचे सगळे. एक जरी सोडला असता तरी साळूचा पहिला, असं म्हणता आलं नसतं."

दानियाल खाली बघून हसत होता. गुरुजींची आणि त्याची नजर एकदाच भेटली.

"मॅडम, हजेरी पुन्हा घ्या," गुरुजी म्हणाले. "एक नाव राहिलं होतं."

मोहिनीनं पुन्हा "सतरा, बाकी दहा" म्हटलं. या वेळी ती नीट सरळ उभी राहिली. आकडे ओळीनं येत गेले. खिडकीतून खालचं पाणी आणि त्यातून वर आलेली जोती दिसत होती, आणि गुरुजींना वाटलं, घंटेचा दोर अजून हातातच आहे. अजीज उठला. "एकशे एक, बाकी शंभर," एवढंच बोलून तो बसला. त्यावरही लोक हसले. समर्थ, महेक, ऋषी झाले.

साळुबाईनं पदर सारखा केला. "सातशे एकोणचाळीस," ती म्हणाली आणि अडखळली. "बाकी शून्य म्हनायचं का कायबी न्हाई म्हनायचं?"

"शून्य म्हण. तो तुझा आहे," गुरुजी म्हणाले.

"बाकी शून्य." आणि टाळ्या पडायच्या आतच तिनं नाक वर करून वास घेतला. "आगं बाई, भाजी लागली."

ती पडवीकडे धावली. तिच्या मागोमाग महेक आणि महेकच्या मागोमाग उरलेली पोरं. भाजी खरंच बुडाला धरली होती. पंगत बसली तेव्हा वरची चांगली भाजी सगळ्यांना वाढून झाल्यावर गुरुजींनी आपलं ताट पुढं केलं आणि साळुबाईला पातेल्याच्या बुडाची खरवड मागितली.

"जळकी हाय, गुरुजी."

"असू दे," ते म्हणाले. "वाढ."